आपल्या मापाचा कप

मासिक पाळीसाठी कप वापरावा असा निश्चय करून जी स्त्री औषधांच्या दुकानात जाते किंवा घरबसल्या मोबाइलवरून तो मागवू पाहते, तिच्यापुढे पहिला प्रश्न मापाचा उभा राहतो. आणि त्या प्रश्नाचे तयार उत्तर म्हणून बहुतेक खोक्यांवर एक छोटा तक्ता छापलेला असतो, ज्यात तिशीच्या आतील व प्रसूती न झालेल्या स्त्रियांनी लहान कप घ्यावा आणि तिशी ओलांडलेल्या अथवा योनिमार्गे प्रसूत झालेल्या स्त्रियांनी मोठा घ्यावा, एवढेच सांगितलेले असते. या तक्त्यावर विसंबून घेतलेला कप कित्येकींना उत्तम बसतो, हे खरे. परंतु कित्येकींना तो बसत नाही, गळतो, टोचतो, सारखी लघवीची भावना निर्माण करतो किंवा काढतेवेळी हाताला लागत नाही, आणि मग दोन पाळ्यांच्या त्रासानंतर ती स्त्री असा निष्कर्ष काढते की, कप ही वस्तूच आपल्या प्रकृतीला मानवणारी नाही. या निष्कर्षामुळे पुष्कळ स्त्रिया एका चांगल्या साधनाला मुकतात, आणि म्हणूनच मापाचा हा विषय सविस्तर, कसलाही संकोच न बाळगता, मराठीतून मांडणे मला अगत्याचे वाटते.

वय आणि बाळंतपण या दोन बाबींचा शरीरावर परिणाम होतो, याविषयी दुमत नाही. पण वीस वर्षांच्या दोन मुलींची शरीररचना एकमेकींपासून जितकी भिन्न असू शकते, तितकी कधीकधी वीस आणि चाळीस वर्षांच्या स्त्रियांचीही नसते. बांगड्या भरणारा कासार बाईचे वय विचारीत नाही, तिला मुले किती हेही विचारीत नाही. तो तिचा हात हातात घेतो, अंगठ्याखालचा सांधा दाबून पाहतो आणि मग माप काढतो. कपाच्या बाबतीत हे दाबून पाहण्याचे काम प्रत्येक स्त्रीने स्वतःच, स्वतःच्या बोटाने करावयाचे असते, आणि एकदा ते केले म्हणजे खोक्यावरील तक्त्याची तिला फारशी गरज उरत नाही.

ही वस्तू नवी आहे असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः अमेरिकेतील लिओना चामर्स या अभिनेत्रीने रबरी कपाचे पेटंट १९३७ सालीच मिळविले होते. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली, नंतरच्या काळात शरीरात बोट घालून एखादी वस्तू बसविण्याचा संकोच आड आला, आणि वैद्यकीय प्रतीचे सिलिकॉन या कामी वापरले जाऊ लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ या शतकाच्या आरंभापर्यंत, कपाचा प्रसार मर्यादितच राहिला. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात जगभरच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ३,३१९ स्त्रिया व मुली सहभागी होत्या. त्या आढाव्याचा निर्वाळा असा की, गळतीच्या बाबतीत कप हा पॅड किंवा टॅम्पॉन यांच्या तोडीचा अथवा त्यांहून सरस ठरतो, आणि ज्या १३ अभ्यासांत हा प्रश्न विचारला गेला त्यांतील सुमारे ७३ टक्के स्त्रियांनी पुढेही कपच वापरण्याची इच्छा व्यक्त केली. मात्र त्याच आढाव्यात हेही नमूद आहे की, कपाची सवय होण्यास काही महिन्यांचा अवधी लागतो. हा अवधी धीराने काढण्याची तयारी नसेल तर कप घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पहिल्या पाळीत कप नीट न बसणे ही तक्रार नव्हे, तो शिकण्याचाच एक भाग आहे.

आता मापाकडे वळू. योनिमार्गाच्या वरच्या टोकाशी गर्भाशयाचे मुख असते, आणि कप त्याच्या खाली, योनिमार्गाच्या भिंतींना चिकटून, त्या मुखातून येणारा स्राव झेलीत बसतो. हे गर्भाशयमुख काही जणींचे बरेच खाली असते, काही जणींचे बरेच वर, आणि कोणता कप किती लांब असावा हे सर्वांत आधी त्याच्या उंचीवरून ठरते. ही उंची महिनाभर एकसारखी राहत नाही. पाळीच्या दिवसांत ते मुख पुष्कळ स्त्रियांमध्ये खाली सरकते, आणि पाळीच्या चार-पाच दिवसांतही त्याची जागा थोडीफार बदलते. म्हणून माप पाळीच्या दिवसांतच घ्यावे, शक्य तर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी एकदा आणि शेवटाकडे पुन्हा एकदा. त्यांपैकी जे माप सर्वांत कमी येईल, ते प्रमाण मानावे. कारण गर्भाशयमुख सर्वांत खाली असतानाही जो कप आत सामावतो, तो इतर दिवशीही सामावतोच.

माप घेण्यापूर्वी नखे कापावीत, हात साबणाने स्वच्छ धुवावेत, आणि न्हाणीघरात निवांत वेळ काढावा. उकिडवे बसून किंवा एक पाय पाटावर ठेवून मधले बोट हलकेच आत न्यावे. मात्र ते सरळ वरच्या दिशेने न नेता माकडहाडाच्या रोखाने, म्हणजे किंचित मागे, न्यावे, कारण योनिमार्गाचा कल तसाच असतो. भिंती मऊ व सुरकुतलेल्या लागतील; त्यांच्या शेवटी नाकाच्या शेंड्यासारखे घट्ट, गुळगुळीत आणि मध्ये बारीक खळगा असलेले काही बोटाला लागले, तर ते गर्भाशयमुख होय. बोटाच्या पहिल्या पेरापाशीच ते लागले तर ते खाली आहे, दुसऱ्या पेरापर्यंत जावे लागले तर मध्यम उंचीवर आहे, आणि पूर्ण बोट आत जाऊनही ते जेमतेम स्पर्शास आले किंवा आलेच नाही तर ते उंच आहे, असे ढोबळमानाने समजावे. याहून नेमके माप हवे असेल, तर योनीच्या तोंडाशी बोट जेथपर्यंत आले तेथे अंगठ्याने खूण धरावी, बोट बाहेर काढावे आणि मुलांच्या कंपासपेटीतील पट्टीने ती लांबी मोजावी. साधारणतः साडेचार सेंटिमीटरच्या आत असेल तर खालचे, साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असेल तर मध्यम, आणि त्यापुढे असेल तर उंच, असा हिशेब धरण्याचा प्रघात आहे. प्रथम प्रयत्नात काहीच समजले नाही तरी निराश होऊ नये. ज्या अवयवाला आजवर कधी स्पर्शच केला नाही, त्याची ओळख पटण्यास एक-दोन वेळा पुरत नाहीत.

हा आकडा हाती आला म्हणजे कपाच्या खोक्यावरील इतर आकड्यांना अर्थ प्राप्त होतो. चांगल्या कपाच्या वेष्टनावर तीन मापे छापलेली असतात: काठाचा व्यास, तळाची दांडी वगळून कपाची लांबी, आणि त्यात मावणारा स्राव मिलिलिटरमध्ये. ही तीन मापे ज्यावर छापलेली नाहीत, केवळ ‘स्मॉल’, ‘मीडियम’, ‘लार्ज’ असे शब्द आहेत, तो कप घेऊ नये, मग त्याची किंमत कितीही आकर्षक असो. कारण एका कंपनीचा मध्यम कप दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या कपाएवढा असू शकतो आणि त्या शब्दांना कसलेही सर्वमान्य परिमाण नाही. गर्भाशयमुख खाली असेल तर दांडी वगळून कपाची लांबी तुमच्या मापाहून निश्चितपणे कमी असली पाहिजे, नाहीतर कपाचा तळ बाहेर डोकावेल आणि चालताबसता घासेल. दांडी लांब असल्यास ती कापता येते, परंतु कापताना कप शरीराबाहेर काढलेला असावा, थोडी थोडी कापावी, आणि कपाच्या तळाला कात्री लागणार नाही याची खबरदारी घ्यावी. याउलट गर्भाशयमुख उंच असणाऱ्या स्त्रीने आखूड कप घेतला तर तो वर सरकतो आणि काढताना हाती लागत नाही. अशा वेळी मनात जी भीती दाटते ती मी अनेकींकडून ऐकली आहे, पण कप योनिमार्गातून पुढे पोटात जाऊ शकत नाही, कारण गर्भाशयमुखाचे छिद्र अतिशय बारीक असते. अशा स्त्रीने लांब कप आणि लांब दांडी निवडावी, म्हणजे भीतीचे कारणच उरणार नाही.

व्यास आणि लांबी यांच्याइतकीच महत्त्वाची, पण खोक्यावर क्वचितच नीट लिहिलेली बाब म्हणजे कपाचा कणखरपणा. घडी घालून आत सरकवलेला कप आत गेल्यावर पूर्ण उमलला पाहिजे, आणि तो उमलेल की नाही हे त्याच्या काठाची लवचिकता व तुमच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची पकड या दोहोंच्या मेळावर अवलंबून असते. बोट आत असताना लघवी अडवून धरल्याप्रमाणे ते स्नायू आवळून पाहावेत. बोटावर चांगला दाब जाणवला तर स्नायू बळकट आहेत असे समजावे. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर धावणारी मुलगी, कबड्डी किंवा कुस्ती खेळणारी मुलगी, नेमाने योगासने करणारी स्त्री यांचे स्नायू बहुधा बळकट असतात, आणि अत्यंत मऊ कप त्यांच्या आत चेपला जाऊन उमलतच नाही. त्यांना किंचित घट्ट काठाचा कप हवा, मग त्यांचे वय अठरा असो की अडतीस. ज्यांची बाळंतपणे झाली आहेत आणि ज्यांना खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब सुटल्याचा अनुभव आहे, त्यांची पकड सैल असण्याचा संभव अधिक, आणि त्यांना थोडा रुंद काठ बरा पडतो. म्हणजे तक्ता जे वयावरून अनुमानाने सांगतो, ते येथे आपण प्रत्यक्ष पाहून ठरवितो.

घट्टपणाची एक दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. योनिमार्गाच्या लगत पुढच्या अंगास मूत्रमार्ग आणि मूत्राशय असते, आणि कणखर वा अतिरुंद काठाचा कप तेथे दाब देऊ लागला म्हणजे लघवीची धार बारीक होते, लघवीला पुन्हा पुन्हा जावेसे वाटते अथवा ती पूर्ण झाल्याचे समाधान लाभत नाही. असे जाणवल्यास कप काढून परत बसवून पाहावा, आणि तरीही तेच घडत असेल तर त्याहून मऊ किंवा कमी व्यासाचा कप घ्यावा; सवय होईल म्हणून ते सोसत राहू नये. चुकीच्या जागी बसलेल्या कपाच्या दाबाने मूत्रवाहिनी अडून मूत्रपिंडास सूज आल्याच्या विरळ घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत, आणि कप वापरीत असताना पाठीत किंवा कुशीत कळा येऊ लागल्या, लघवीत रक्त दिसले, तर कप काढून ठेवून डॉक्टरांकडे जावे व आपण कप वापरतो हे त्यांना न विसरता सांगावे. नीट बसलेल्या कपाची खूण एकच आहे: तो आत असल्याचे भान राहत नाही.

स्रावाच्या प्रमाणाविषयी मात्र फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. बाजारातील कपांत सर्वसाधारणपणे १५ ते ३० मिलिलिटर, काहींत त्याहूनही अधिक स्राव मावतो. ज्यांच्या अंगावरून जास्त जाते त्यांनी मोठ्या क्षमतेचा कप घ्यावा किंवा लहान कप अधिक वेळा रिता करावा, एवढेच. लांबी व कणखरपणा यांची तडजोड करून केवळ क्षमतेच्या मोहाने मोठा कप घेणे योग्य नाही. गर्भाशयमुख खाली असणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ते मुखच कपात काही अंशी उतरून जागा अडविते, त्यामुळे छापील क्षमतेपेक्षा कमी स्राव तिच्या कपात मावेल, हे तिने गृहीत धरून चालावे.

मुलींच्या बाबतीत आईच्या मनात एक शंका हमखास येते, आणि ती बोलून दाखविण्याचे धैर्य मात्र थोड्या जणींना होते: कपाने योनिपटल फाटेल काय? योनिपटल ही योनीच्या तोंडाशी असलेली लवचिक, जन्मतःच निरनिराळ्या आकाराची असणारी घडी आहे. काही मुलींमध्ये ती नसल्यातच जमा असते, काहींमध्ये ती ताणली जाते, काहींमध्ये खेळताना किंवा कप घालताना किंचित फाटूही शकते. तिच्यावरून कोणत्याही मुलीच्या कौमार्याचा दाखला देता येत नाही, हे वैद्यकशास्त्राने स्वीकारलेले सत्य आहे, आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातून कौमार्याच्या तथाकथित लक्षणांचा भाग वगळला, तो याच कारणास्तव. तेव्हा मुलीची इच्छा असेल, पाळी सुरू झालेली असेल आणि तिला शांतपणे शिकविणारे कोणी असेल, तर लहान व्यासाचा, मऊ ते मध्यम काठाचा कप वापरण्यास वयाची हरकत नाही. इच्छा नसेल तर आग्रहही नसावा. वारंवार प्रयत्न करूनही बोट आत जाताना असह्य दुखत असेल, स्नायू आपोआप आखडत असतील, तर कपाचा विचार तूर्त बाजूस ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांची मसलत घ्यावी. त्यावर उपचार आहेत.

काही स्त्रियांनी माप घेण्याच्याही आधी डॉक्टरांना विचारणे जरूर आहे. तांबी बसविलेली असेल तर तिचे दोरे गर्भाशयमुखातून खाली लोंबतात, आणि कप काढताना ते दोरे कपासोबत ओढले गेले किंवा उमललेल्या कपाच्या आत धरलेल्या हवेच्या ओढीने तांबी सरकली, तर ती बाहेर येऊ शकते. अशा घटना घडलेल्या आहेत, म्हणून दोरे किती लांब आहेत, ते आखूड करता येतील काय, याचा खुलासा करून घ्यावा, आणि कप काढताना हवेची पकड सोडविल्याखेरीज तो कधीही खाली ओढू नये. अंग बाहेर येण्याची तक्रार असेल, योनिमार्गात जंतुसंसर्ग असेल, शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर कप वापरू नये. बाळंतपणानंतर सहा आठवडे आणि डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत थांबावे; त्यानंतर मात्र जुने माप धरून न चालता पुन्हा माप घ्यावे.

माप बरोबर असूनही बसविण्याची रीत चुकली तर कप गळतो, आणि गळतीचा दोष मापाकडे जातो. म्हणून दोहोंची गल्लत होऊ नये यासाठी रीतही थोडक्यात सांगतो. कप पाण्याने ओला करावा. गरज वाटल्यास पाण्यात विरघळणारे वंगण लावावे, तेल लावू नये, कारण त्याने सिलिकॉन खराब होण्याचा संभव असतो. काठ दाबून कपाची इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी घडी करता येते, किंवा काठाचा एक बिंदू बोटाने आत ढकलून निमुळती घडी करता येते. ही दुसरी घडी प्रवेशाच्या वेळी अधिक अरुंद असल्याने नवशिक्या मुलींना बहुधा सोपी जाते. पाळी नसताना हातात धरून घड्या घालण्याचा सराव करून ठेवावा. प्रत्यक्ष पहिला प्रयोग सुटीच्या दिवशी, घरी, स्राव मध्यम असताना करावा, आणि पहिल्या काही पाळ्यांत सोबत कापडी घडी किंवा पॅड ठेवावे. कप आत गेला की बोट त्याच्या तळाभोवती फिरवून पाहावे: तळ गोल लागला तर तो उमलला आहे, एका बाजूस खळगा किंवा घडी लागली तर उमललेला नाही, मग तळ चिमटीत धरून थोडा फिरवावा किंवा घडीच्या बाजूच्या भिंतीला बोटाने किंचित बाजूस दाबावे, म्हणजे हवा आत शिरून काठ मोकळा होतो.

एवढे करूनही गळती होत असेल तर गळतीचा पत्ता लावावा, आणि तो लागतो. कप काढल्यावर तो अर्धाही भरलेला नसेल आणि तरी कापड भिजले असेल, तर कप उमलला नव्हता, किंवा तो गर्भाशयमुखाच्या खाली न बसता शेजारी बसला होता; ज्या स्त्रियांचे मुख एका बाजूस किंवा मागे कललेले असते त्यांच्याकडून ही चूक सहज होते, आणि त्यांनी बसविण्यापूर्वी बोटाने मुखाची दिशा पाहून तिकडेच कपाचा रोख ठेवावा. कप काठोकाठ भरलेला असेल तर तो रिता करण्यास उशीर झाला, इतकाच अर्थ. कप बसवून उठल्यावर थोडासा डाग आणि नंतर काही नाही, असे असेल तर बहुधा ते बसवितेवेळी भिंतींना लागलेले अवशिष्ट रक्त असते. काठाखालची बारीक छिद्रे बुजली असतील तर हवेची पकड नीट बसत नाही. कप पाण्याने भरून तळहाताने तोंड झाकून दाबला म्हणजे छिद्रांतून पाण्याच्या बारीक धारा निघतात व ती मोकळी होतात. मलावरोध असतानाही मागून येणाऱ्या दाबाने कप जागचा हलतो, हे फारसे कोणी सांगत नाही. ही सारी कारणे एकेक करून वगळल्यानंतर, दोन-तीन पाळ्यांच्या निरीक्षणानंतरही गळती राहिली, तरच माप बदलावे: कप आत फिरतो, खाली घसरतो असे वाटले तर मोठ्या व्यासाचा, चेपलेलाच राहतो असे वाटले तर अधिक कणखर, टोचतो असे वाटले तर आखूड किंवा मऊ.

काढताना उकिडवे बसावे, आणि या एका बाबतीत आपल्याकडचे भारतीय पद्धतीचे शौचकूप फार सोयीचे पडते. शौचाच्या वेळी देतो तसा हलका जोर देऊन कप खाली येऊ द्यावा, दांडी ओढू नये, तळ चिमटीत दाबून हवेची पकड सुटू द्यावी आणि मग तो थोडासा तिरपा करीत बाहेर घ्यावा. कप वर सरकला असेल तर घाई न करता काही वेळ चालावे आणि पुन्हा बसावे. स्नायू भीतीने आखडले म्हणजेच तो अधिक हट्टी होतो. बारा तासांहून अधिक काळ तो आत ठेवू नये, आणि अंगावरून जास्त जात असेल तर त्याआधीच रिता करावा. अकस्मात मोठा ताप, अंगावर लाल पुरळ, उलट्या आणि चक्कर ही लक्षणे एकत्र आली तर कप काढून तत्काळ दवाखाना गाठावा. जंतुविषामुळे होणारा तो विकार अत्यंत विरळ आहे, पण विलंब सोसणारा नाही.

स्वच्छतेस थोडकी पण निश्चित तजवीज लागते: पाळीच्या आधी व नंतर वेगळ्या राखून ठेवलेल्या छोट्या पातेल्यात काही मिनिटे उकळणे, एरवी स्वच्छ पाण्याने धुणे, आणि वाळवून कापडी पिशवीत ठेवणे, हवाबंद डबीत नव्हे. ही सारी माहिती कपाबरोबरच मिळावी लागते. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी ही ग्रामपंचायत जानेवारी २०२२ मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झाली, तेव्हा तेथे स्त्रियांना कप वाटण्याबरोबर त्यांच्या वापराचे शिक्षणही देण्यात आले. आपल्याकडे ग्रामपंचायतींनी आणि महिला बचत गटांनी असे काही योजिले, तर एकाच मापाचे कप घाऊक घेऊन वाटू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. निदान दोन लांबीचे व दोन कणखरपणाचे कप असावेत, आणि आशाताईंकडून माप कसे घ्यावे हे आधी शिकविले जावे. बीडहून उसाच्या फडात जाणाऱ्या ज्या मजूर स्त्रीला हात धुण्यापुरते स्वच्छ पाणी आणि आडोसा मिळत नाही, तिच्या हाती नुसता कप देणे हा तिच्या प्रश्नाचा निकाल नव्हे; तिला आधी पाणी आणि आडोसा दिला पाहिजे.

एकदा बसलेले माप कायमचे नसते. बाळंतपणानंतर, वजनात मोठा फरक पडल्यावर, चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागल्यावर ते पुन्हा घ्यावे. आणि आधीचा कप गळू लागला म्हणजे तो जुना झाला असे न मानता शरीर बदलले आहे काय, हे आधी पाहावे. पुष्कळ कपांवर मिलिलिटरच्या खुणा असतात, त्यांवरून प्रत्येक वेळी किती स्राव गेला हे वहीत टिपून ठेवण्याची सवय लावावी. वैद्यकशास्त्रात एका पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणे हे अतिस्रावाचे लक्षण मानले गेले आहे. कपात रक्ताखेरीज इतर स्रावही मिसळलेला असतो, त्यामुळे हा आकडा कपातील मापास जसाच्या तसा लावता येत नाही, परंतु प्रत्येक पाळीची बेरीज त्याच्या बरीच पुढे जात असेल, किंवा पूर्वीच्या मानाने एकाएकी वाढली असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या, आणि अंगावरून किती जाते असे डॉक्टरांनी विचारल्यावर ‘जरा जास्तच’ याहून नेमके उत्तर देता येणे ही त्यांच्यापैकी प्रत्येकीच्या उपचारास मदत करणारी गोष्ट आहे.